टोपीत राखलेली भोकं

वेसाव्याच्या किनाऱ्यावर आजवर जेवढे कोळी जन्माला आले, त्या सगळ्यांत माझ्या सासऱ्यांइतका भित्रा माणूस झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. हे मी रागाने बोलत नाही. राग आहे, तो मी लपवणारही नाही, पण त्याची गोष्ट पुढे येईल. आधी भीतीचं सांगतो. विजेचं बटण ते कधी बोटाने दाबत नसत. त्यासाठी दारामागे मोडक्या वल्ह्याचा एक तुकडा ठेवलेला असे. तो कोरडा आहे की नाही हे गालाला लावून बघायचं, पायांत रबरी चपला घालायच्या, मान दुसरीकडे वळवायची आणि मग वल्ह्याने बटण खाली ढकलायचं. दिवा लागला की घरातल्या एकेकाला हाक मारून सगळे शाबूत आहेत ना, ते विचारायचं. घरात पहिल्यांदा गॅस आला तेव्हा त्यांनी सिलिंडर उंबऱ्याच्या आत येऊच दिला नाही. सासूबाई अंगावर ओरडेपर्यंत तो बाहेर ओट्यावर, ओल्या गोणपाटाखाली, आजारी पाहुण्यासारखा बसून होता. आमच्या अंधेरीच्या खोलीत ते आले की कुकर शिट्टी द्यायच्या बेतात आला रे आला, की माझ्या मुलीला उचलून गॅलरीत पळायचे आणि तिथून माझ्या बायकोला हाका मारायचे, "गो, बाहेर ये! भात गेला तर जाऊ दे, तू ये!" सांताक्रूझला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की एका हाताने डोक्यावरची टोपी धरायची आणि दुसऱ्या हाताने शेजारी जो कोणी असेल त्याला दाबून खाली बसवायचं, ही त्यांची रीत होती. अशा रीतीने भर बाजारात त्यांनी एकदा एका हवालदाराला खाली बसवलं होतं. हवालदार उठून काही बोलायच्या आत हे त्यालाच म्हणाले, "वाचलास."

माशाच्या काट्याचं तर काय सांगू! कोळ्याच्या घरात पोर दात येण्याआधी काटा काढायला शिकतं. पण माझी मुलगी जेवायला बसली की हे तिच्या ताटाजवळ ठाण मांडत. बोंबलासारख्या मऊ माशाचा घासही बोटांनी कुस्करून, उजेडाकडे धरून, पुन्हा कुस्करून तिच्या तोंडात जाई. तोपर्यंत मासा थंड आणि पोरगी झोपलेली. सासूबाई म्हणायच्या, "ओ, तुमी मासा भरवता का सोनं पारखता?"

आणि हाच माणूस पहाटे आपली एकट्याची लहान होडी ढकलायचा आणि खाडीच्या तोंडातून बाहेर समुद्रात निघून जायचा. सगळं गाव इंजिनाच्या मोठ्या बोटी घेऊन माणसंबिणसं जमवून जात होतं तेव्हा हे वल्हं, एक फाटकं शीड आणि डोक्यावर गवती टोपी, एवढ्यावर जायचे. जाताना चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. उलट घरातून सुटलो बुवा, असा चेहरा.

आता मी कोण, तेही सांगतो. मी गोवंडीचा. वडील जालन्याकडून आलेले. आमच्या घराण्यात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. मी अंधेरी स्टेशनबाहेर फुटपाथवर छत्र्या दुरुस्त करत बसायचो. तिथून उठून त्याच रस्त्यावर छत्र्या, रेनकोट आणि टोप्यांचं दुकान टाकलं ते कुणाच्या मेहेरबानीवर नाही, या जिभेवर. भाव करण्यात मला हरवणारा माणूस अजून अंधेरीत यायचा आहे. अपवाद एकच, माझ्या सासूबाई. त्या बाजारात मासळी विकायच्या आणि मी दर रविवारी त्यांच्याशी पापलेटावरून भांडायचो. दर रविवारी हरायचो. त्या पापलेट पुन्हा टोपलीत टाकून म्हणायच्या, "जा रे, वांगी खा." शेजारी त्यांची मुलगी बसून हसायची. वर्षभर हरल्यावर मी ठरवलं, पापलेट राहू दे, मुलगीच मागायची. लग्नाला गावात कुरबूर झाली, कारण मी घाटावरचा. पण सासूबाई म्हणाल्या, "हा एवढा भांडतो, म्हणजे टिकेल." सासरे तेव्हाही काही बोलले नव्हते. त्यांना भीती वाटत होती, एवढं फक्त कळलं. कसली, ते कळलं नाही. मला ते मामा म्हणू देत, पण स्वतः मला कधी जावई म्हणाले नाहीत. छत्रीवाला म्हणायचे. आजही म्हणतात.

आमचं पहिलं भांडण त्या गवती टोपीवरून झालं. ही टोपी सासूबाईंनी जुहूच्या वाळूवर एका फेरीवाल्याकडून घेतलेली. त्या दोघांच्या लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांना होडीत ऊन लागून चक्कर आली होती आणि होडी आपली आपण फिरत फिरत किनाऱ्याला लागली होती. त्या दिवशी सासूबाईंनी टोपी आणली, त्यांच्या डोक्यावर ठोकून बसवली आणि सांगितलं, "ही काढली तर मी घर सोडीन." तेव्हापासून ती टोपी आंघोळ, झोप आणि पावसाळ्यातली दुरुस्ती सोडली तर त्यांच्या डोक्यावरून उतरली नाही. पण गवत ते गवतच. खारं पाणी आणि ऊन यांनी ते कडक होतं, टोपी उचलताना चिमटीत धरतो तिथे भेगा पडतात, काठ उसवतो, भोकं पडतात. दर पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या की गाव जाळी दुरुस्त करायला बसतं. सासरे जाळ्याचं काम आटोपून सगळ्यांत शेवटी टोपी घेऊन ओट्यावर बसायचे.

मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि माझ्यातला छत्रीवाला कळवळला. सुरुवात त्यांनी बरोबर केली. पातेल्यात पाणी गरम केलं, फडकं बुडवून पिळलं आणि टोपीवर अंथरून ठेवलं. सुकं गवत ओलं केल्याशिवाय हात लावला तर आणखी तडकतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण पुढे त्यांनी भेगेच्या कडेचं तुटकं गवत कात्रीने काढून टाकलं, भोक होतं त्याहून मोठं केलं, जाळी विणायची बांबूची सुई घेतली, तिच्यात नायलॉनचा धागा भरला आणि भोकाच्या कडेने गाठ मारून, गाठीतून गाठ काढून, तिथे चक्क जाळं विणायला घेतलं! बारीक, एकसारख्या घरांचं, फार सुबक जाळं. पण जाळं! टोपीला!

मी म्हणालो, "मामा, हे काय करताय? भोक बुजवायचं असतं."

ते म्हणाले, "बुजवायचं कशाला? भोक नीट करायचं. वेडंवाकडं भोक वाढतं. मापातलं भोक वाढत नाय."

"अहो पण ऊन आत येईल!"

"थोडं येईल. वारा पण येईल."

"मामा, छत्रीला भोक पडलं म्हणजे छत्री मेली."

"आणि जाळ्याला भोक नसलं म्हणजे ते गोणपाट. त्यात मासा काय, तू पण सापडणार नाय."

ओट्यावर बसलेले शेजारी हसले. मला हसणारे आवडत नाहीत. मी तिथेच त्यांना टोपी दुरुस्त करायची खरी रीत सांगितली. ओलं फडकं ठेवून गवत मऊ करायचं, भेगेच्या दोन्ही कडा बोटांनी जुळवायच्या, आतून मलमलीचा तुकडा सरसाने चिकटवायचा, पातेलं पालथं घालून त्यावर टोपी चढवायची आणि वाळेपर्यंत दोरीने आवळून ठेवायची. मोठं भोक असेल तर जुन्या टोपीचं गवत काढून आडवं-उभं विणून घ्यायचं आणि वरून त्याच रंगाच्या धाग्याने टाके मारायचे. घरच्या घरी होतं, बाजारात जावं लागत नाही. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मान हलवली. आणि दुसऱ्या भोकाचं जाळं विणायला घेतलं.

वर्षं गेली तसतशी टोपी कमी आणि जाळं जास्त होत गेलं. माझ्या लग्नात ती टोपी होती. मुलगी बालवाडीत गेली तोवर ते एक गोल जाळं होतं, ज्याला मधेमधे गवत लागलं होतं. उन्हात ते उभे राहिले की त्यांच्या कपाळावर, नाकावर, मानेवर उजेडाचे ठिपके पडत आणि ते स्वतःच एखाद्या मोठ्या ठिपक्याठिपक्यांच्या माशासारखे दिसत. दुकानातली सगळ्यात चांगली गवती टोपी मी त्यांना नेऊन दिली. पक्की वीण, आत अस्तर, हनुवटीला बांधायला फीत. त्यांनी ती हातात घेतली, फिरवली, "झकास हाय" म्हणाले आणि सासूबाईंकडे दिली. पुढच्या खेपेला पाहतो तर सासूबाईंनी ती उलटी टांगून तिच्यात लसूण ठेवला होता. मी तो अपमान गिळला. म्हणजे, बायकोला महिनाभर ऐकवला, पण गिळला.

जो गिळता आला नाही तो होडीचा. लग्न झाल्यापासून माझी एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, त्यांच्याबरोबर होडीतून बाहेर जायचं. समुद्रातून आपला किनारा कसा दिसतो ते मला बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर गावाने मला त्यांच्या होडीत बसलेला बघावं, हेही होतं. होडीत घेतला म्हणजे घरातला झाला. मी दर वर्षी नारळी पौर्णिमेला विचारायचो आणि ते दर वर्षी तेवढंच सांगायचे, "तू? नको." का नको ते कधी नाही. शेजारच्याचा भाचा भायखळ्याहून आला होता, त्याला घेऊन गेले. वर्तमानपत्राच्या एका फोटोवाल्याला घेऊन गेले, तो होडीभर ओकला. मी मात्र नको.

एका वर्षी नारळी पौर्णिमेच्या जेवणाला सगळं गणगोत जमलेलं असताना माझं डोकं फिरलं. मी ताटावरून म्हणालो, "मामा, स्पष्ट बोला. मी घाटी आहे म्हणूनच ना? तुमच्या होडीला घाट्याचा पाय नको!"

सासरे माझ्या मुलीच्या घासातला काटा शोधत होते. शोधत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "ओ, त्याला काय ते सांगा ना." ते म्हणाले, "मासा थंड होतोय." बस्स. मी हात धुतले आणि निघालो.

त्यानंतर मी वेसाव्याची वाट सोडली. बायको जायची, मुलगी जायची. मी दुकानात बसून राग सांभाळायचो. मालासारखाच रागही जपून ठेवला तर त्याला पुढे भाव येतो, अशी माझी समजूत होती.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या पाण्यात गेल्या, आणि काही दिवसांनी बायकोने मला मुलीला आणायला वेसाव्याला पाठवलं. ती आजीकडे राहायला गेली होती. मी ठरवलं होतं, दारातून हाक मारायची, पोरगी घ्यायची आणि परत फिरायचं. दुपारची वेळ. बसमधून उतरलो तेव्हा ऊन होतं. गल्लीतून चालत घरापर्यंत पोचेस्तोवर उजेड पिवळट झाला, आणि अचानक असा वारा सुटला की वाळत घातलेले बोंबील बांबूंवरून सुटून पत्र्यांवर आपटायला लागले. माणसं किनाऱ्याकडे पळत होती. सासूबाई ओट्यावर उभ्या, कडेवर माझी मुलगी. मला पाहून त्या "आलास" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुजे मामा बाहेर हायत."

आम्ही किनाऱ्यावर गेलो. मोठ्या बोटी एकेक करून खाडीत शिरत होत्या, आणि प्रत्येक बोट आली की किनाऱ्यावरच्या कुणा ना कुणा बाईचा चेहरा सैल होऊन ती बाजूला होत होती. गर्दी पातळ होत गेली. शेवटच्या बोटीवरून एक माणूस गुडघाभर पाण्यात उतरला आणि खाली बघत आमच्याकडे आला. त्याच्या हातात ती टोपी होती. खाडीच्या तोंडाशी तरंगत होती, म्हणाला. होडी दिसली नाही.

मी माझ्या आयुष्यात घाबरलो नाही असं नाही. पण तोवरची माझी भीती म्हणजे पालिकेची गाडी येऊन फुटपाथवरचा माल उचलेल, ही. त्या भीतीला पाय असतात. आपण पळतो, भांडतो, कुणाच्या तरी हातापाया पडतो. या भीतीला पाय नव्हते. समोर भांडायला कुणी नव्हतं. पाणी होतं.

सासूबाईंनी टोपी घेतली. रडल्या नाहीत. पाणी झटकलं, फिरवून पाहिली. काठ एका बाजूला पार उसवला होता आणि उरल्यासुरल्या गवताला वरून खालपर्यंत लांब भेग गेली होती. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

"तुना येतं ना? नीट कर."

"मामी, आत्ता?"

"मग कवा? आल्यावर डोक्यावर काय घालतील? उन्हानं चक्कर येते त्यांना."

ऊन कुठेच नव्हतं. पण त्या बाईशी मी आजवर एकदाही जिंकलो नव्हतो. मी ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी पाणी गरम करून आणलं, भाताची खळ करून आणली आणि मलमल नव्हती म्हणून आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून दिला. पोरगी माझ्या गुडघ्याला चिकटून बसली. मी ओलं फडकं टोपीवर ठेवलं आणि गवत मऊ व्हायची वाट बघू लागलो. हात मोकळे राहिले की भीती वर येते, म्हणून मी मनातल्या मनात समुद्राशी भाव करायला लागलो. एक नारळ. समुद्र गप्प. आता धंद्याचा पहिला नियम असा, की समोरचा गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. जो आधी बोलतो तो हरतो. मी म्हणालो, बरं, पाच. वारा तसाच. अकरा. सोन्याचा मुलामा दिलेला एक. दर वर्षी एक. दर वर्षी एक आणि वर दुकान एक दिवस बंद. समोरून एक शब्द न येता मी आपला आपण भाव चढवत होतो. माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं असतं तर मी त्याला खुर्ची दिली असती.

गवत मऊ झालं. भेगेच्या कडा जुळवल्या, आतून लुगड्याची पट्टी खळीने चिकटवली, पातेल्यावर टोपी चढवून दोरीने आवळली. हे माझं काम, ते हातांनी केलं. मग राहिली ती भोकं. उसवलेल्या काठाजवळ त्यांच्या जाळ्याची बरीच घरं तुटली होती. माझ्या रीतीने तिथे कापड लावून सगळं एकदाचं बंद करून टाकायचं. मी कापड कापलंही. आणि हात पुढे जाईना. मनात काहीतरी वेड्यासारखं आलं, की मी हे बुजवलं तर यायची वाट बुजेल. मी पोरीला म्हटलं, "आजोबांची सुई आण." ती बांबूची सुई मी कधी हातात धरली नव्हती. वर्षानुवर्षं नाक मुरडत जे पाहिलं होतं ते आठवून आठवून मी एक गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली. घरं वेडीवाकडी झाली, एक मोठं, एक लहान. पण मी भोकं राखली. तोंडाने पुटपुटत होतो, हे मला कळत नव्हतं. सासूबाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या.

"किती बोललास?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"नारळ."

मी आकडा सांगितला. त्यांनी कपाळावर हात मारला. "एवढे? अरे, समुद्रानं कुणाला एवढे मागितले नाय!" आणि मग, त्या दिवसात पहिल्यांदा, त्या रडल्या.

वारा पडला तेव्हा सूर्य बुडायला आला होता. किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडलं. आम्ही धावलो. खाडीपलीकडच्या मढच्या बाजूने, तांबड्या पाण्यावरून, एक लहान होडी येत होती आणि तिच्यात बोडक्या डोक्याचा एक माणूस काही घाई नसल्यासारखा वल्हवत होता. त्यांचं डोकं उन्हात मी तेव्हा प्रथमच पाहिलं. अगदी गोरं आणि लहान मुलासारखं होतं.

होडी वाळूला लागायच्या आत ते ओरडले, "पोरगी कुठाय? ओट्यावरची वायर तर नाय पडली? गॅस बंद केला काय?"

झालं होतं असं, की वारा सुटताच ते मढला लागले होते. टोपी उडाली ती तेव्हा. मढच्या लोकांनी सांगितलं, होडी राहू दे, फेरीबोट सुटतेय, तिच्यातून घरी जा, घरचे घाबरले असतील. हे गेले नाहीत. का? तर, "फेरीबोट दुसरा चालवतो. त्याचा काय भरवसा? मना भ्या वाटली." मग तिथेच चहा पीत, वारा पडायची वाट बघत बसले होते.

माझा आवाज सगळ्या किनाऱ्याने ऐकला. मी म्हणालो, "मामा, इथे आमचा जीव गेला! बटणाला भिता, कुकरला भिता, बोंबलाच्या काट्याला भिता, आणि या मरणाच्या पाण्यात एकटे जाता! तिथे नाही वाटत भीती?"

ते वल्हं खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिथं कसली भ्या? तिथं मी एकलाच असतो. काय झालं तर मनाच होणार. इथं तुमी सगळे हायत."

पण मी भाव करणारा माणूस, एका उत्तरावर थांबत नाही. म्हणालो, "मग मला कधी नेलं का नाही? त्या भायखळ्याच्या पोराला नेलंत. फोटोवाल्याला नेलंत."

"ते कोण माजे?" ते म्हणाले. "तू होडीत बसलास तर मना तिथं पण भ्या वाटेल. मग जाऊ कुठं?"

एवढं बोलून ते घराकडे चालायला लागले. ओट्यावर पातेल्यावर आवळलेली टोपी दिसली तसे थांबले. दोरी सोडून ती हातात घेतली. आतली लुगड्याची पट्टी पाहिली, नाक मुरडलं. मग काठाजवळचं माझं जाळं उजेडाकडे धरून, काटा शोधताना धरतात तसं, पाहिलं.

"ही गाठ कुणी मारली?"

"मी."

"सुटेल," ते म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवली.

नारळ मी सगळे वाहिले. थोडं कमी करता येईल का, असं सासूबाईंना विचारून पाहिलं, तर म्हणाल्या, "बोलल्यावर मागं फिरायचं नाय. भाव तूच केलास." मुलाम्याचाही वाहिला. दुकान दर वर्षी एक दिवस बंद असतं, आणि का बंद असतं ते मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

ती गाठ काही सुटली नाही. पुढच्या पावसाळ्यांत त्यांनी टोपीवर बरंच काम केलं, पण माझी वेडीवाकडी घरं तशीच राहू दिली. मी एकदा म्हटलं, "मामा, ती चुकीची आहेत, उसवा." तर म्हणाले, "असू दे. त्यातून वारा जरा जास्त येतो." अजूनही माझं मत बदललेलं नाही. टोपीचं भोक बुजवायचंच असतं. दुकानात मी तेच सांगतो आणि तसंच करून देतो. पण हल्ली घरी कुकर शिट्टी द्यायला आला की मी पेपर टाकून उठतो आणि पोरगी कुठे आहे ते बघतो. बायको हसते. हसू दे.

आता त्यांना दिसायला कमी झालंय. होडी बाहेर जात नाही. किनाऱ्यावर, भरतीचं पाणी पोचत नाही अशा जागी, दोन्ही बाजूंना दगड लावून ठेवलेली असते. गेल्या नारळी पौर्णिमेला जेवण झाल्यावर ते मला म्हणाले, "छत्रीवाल्या, चल." मी मागोमाग गेलो. ते काठावरून पाय टाकून होडीत बसले आणि समोरच्या फळीवर हात आपटून म्हणाले, "बस." मी बसलो. समोर समुद्र होता, मागे गाव होतं, आणि येणारीजाणारी माणसं बघत होती. त्यांनी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. तिच्यातून माझ्या हातांवर उजेडाचे ठिपके पडले. मग माझं लक्ष गेलं. होडी कोरड्या वाळूवर होती, पाणी पार लांब होतं, वाराही नव्हता, आणि सासऱ्यांनी दोन्ही हातांनी होडीचा काठ घट्ट धरून ठेवला होता.